नाटक उतरत नाही

प्रमिलाबाई पाथरीकरांना झटका आला तेव्हा त्या सुनेला बोलत होत्या. वाक्य होतं, "तुला एवढं साधं..." आणि तिथंच अडकलं. पुढचे शब्द कुठले, हे रेणुकाला पाठ होतं. तीस वर्षांत तिनं ते वाक्य इतक्यांदा ऐकलं होतं, की सासूबाई ओट्याला धरत खाली बसल्या तरी तिच्या मनात ते आपोआप पूर्ण झालं. मग ती धावली.

जीव वाचला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली.

"समज शाबूत आहे," परभणीच्या दवाखान्यातल्या डॉक्टर ओवी लोखंडे म्हणाल्या. "सगळं ऐकतात, सगळं कळतं. फक्त बाहेर काढायचा रस्ता बंद झालाय."

"म्हणजे ऐकतील, पण बोलणार नाहीत?" रेणुकानं विचारलं.

तिच्या आवाजात काय होतं कुणास ठाऊक, पण तिच्या नवऱ्यानं, उदयनं, तिच्याकडे चमकून पाहिलं.

ही गोष्ट २०३९ सालची. त्या वर्षी जिल्ह्याच्या गावांमध्ये ती टोपी नुकतीच आली होती. कंपनीनं तिला लांबलचक संस्कृत नाव दिलं होतं, पण लोकांनी बारशाच्या दिवशीच ते बदललं. सगळे तिला माकडटोपी म्हणत.

"बघा काकू," ओवी समजावून सांगायला लागली. मुलगी तिशीचीसुद्धा नव्हती, पण बोलणं शिक्षकिणीचं. "आपल्या मेंदूत काही पेशी अशा असतात, की तुम्ही पेला उचललात तरी त्या जाग्या होतात आणि दुसऱ्यानं उचललेला नुसता पाहिलात तरी जाग्या होतात. लहान मूल असंच शिकतं. त्याला कुणी शिकवत नाही, ते बघतं आणि करतं."

"मग मोठेपणी आपण सगळ्यांचं बघून सगळं का करत नाही?" उदयनं विचारलं.

"कारण वरून ब्रेक असतो. नाहीतर मिरवणुकीत एक नाचला की अख्खी परभणी नाचेल."

"नाचतेच की," रेणुका म्हणाली.

टोपीचं काम एवढंच, की त्या पेशींना चुंबकाच्या बारीक टिचक्या मारून जागं ठेवायचं आणि ब्रेक सैल करायचा. मग रोगी समोरच्याचं बघतो, आणि मोडलेल्या रस्त्याच्या शेजारून मेंदू नवी पायवाट पाडतो. हात, पाय, जीभ, सगळं नव्यानं शिकतो. मात्र बघायचं एकाच माणसाचं. त्या माणसाला नमुना म्हणतात आणि त्याचा चेहरा टोपीत बसवून देतात. जालन्यात एका आजोबांना घरच्यांनी चेहरा न बसवताच टीव्हीपुढे चर्चेचा कार्यक्रम लावून दिला होता. पंधरा दिवसांत आजोबा घडाघडा बोलायला लागले, पण थांबेनात आणि समोरच्याला बोलू देईनात.

"आणि एक लक्षात ठेवा," ओवी म्हणाली. "मेंदू नुसती हालचाल उचलत नाही, हेतू उचलतो. तहान लागलेला माणूस पेला उचलतो, ते उतरतं. दाखवायला म्हणून उचललेला पेला उतरत नाही. मनापासून केलेलंच उतरतं. नाटक उतरत नाही."

पहिला नमुना होण्याचा मान अर्थातच मुलाला मिळाला. आठव्या दिवशी आईच्या उजव्या हातात जीव आला. अंगठा वरखाली, वरखाली हलायला लागला, मोबाइल सरकवल्यासारखा. बाराव्या दिवशी पहिला शब्द फुटला, "चहा!" उदयच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसरा शब्द होता, "पंखा!" तिसऱ्या आठवड्यात प्रमिलाबाई सोफ्यावर कुशीला वळून, एका पायावर दुसरा टाकून, चार शब्दांत अख्खं घर चालवायला लागल्या.

ओवीनं वही मिटली. "नमुना बदलू या."

"रेणुकाला करा," उदय म्हणाला. "घरातलं सगळं तीच करते." हे सत्य त्याच्या तोंडून तीस वर्षांत पहिल्यांदा निघालं, आणि तेही काम टाळायला.

गंमत अशी, की रेणुका स्वतः ह्याच घरात बघून शिकलेली होती. मुखेडहून लग्न होऊन आली तेव्हा तिला धड कुकर लावता येत नव्हता. सासूबाईंनी कधी काही सांगितलं नाही. "डोळे दिलेत ना देवानं? बघ आणि शिक," एवढंच म्हणायच्या. त्यांच्याकडे टोपी नव्हती, पण ब्रेक सैल करायची ताकद होती. पुरण कसं शिजवायचं, पाहुण्याला आग्रह कसा करायचा, रागावल्यावर झाकण किती जोरात आपटायचं म्हणजे दिवाणखान्यापर्यंत ऐकू जातं आणि तरी कुणी बोट ठेवू शकत नाही, हे सगळं ती बघून शिकली.

आता प्रमिलाबाई खुर्चीत बसून तिच्याकडे बघायला लागल्या.

दोन महिन्यांत म्हातारी हिंडाय-फिरायला लागली. चाल रेणुकाची, पदर खोचायची लकब रेणुकाची. बोलणंही आलं, पण शब्द न् शब्द रेणुकाचा. पंचाईत तिथं झाली. एका सकाळी उदय चहा पीत बसला होता. त्याची ब्याऐंशी वर्षांची आई त्याच्यापुढे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, तुमच्या आईंच्या गोळ्या आणल्यात का?"

उदयला ठसका लागला.

"अहो, ऐकू येतं का?" आई म्हणाली. "सगळं मीच बघायचं का?"

"रेणुका!" उदय ओरडला. "हिला सांग मी कोण आहे!"

"त्यांना माहितीय तुम्ही कोण आहात," रेणुका आतून म्हणाली. "शब्दच तेवढे आहेत त्यांच्याकडे. वापरतात बिचाऱ्या."

आणि सुनेला त्या काय म्हणत? आई. दुसरा शब्द होताच कुठं? रेणुका त्यांना आई म्हणायची, म्हणून त्या रेणुकाला आई म्हणत. "आई, औषध घ्या." "आई, तुम्ही बसा, मी करते." शेजारच्या सेलूकर वहिनी येऊन हे ऐकून गेल्या आणि गल्लीभर सांगत सुटल्या, की पाथरीकरांच्या म्हातारीला शेवटी सुनेची किंमत कळली.

पण जे लपवलेलं होतं, तेही उतरलं. रेणुकाची एक सवय होती. सासूबाईंच्या खोलीत शिरण्याआधी ती उंबऱ्यावर क्षणभर थांबायची, डोळे मिटायची आणि ओठांतल्या ओठांत म्हणायची, "देवा, सोडव एकदाचं." मग हसरा चेहरा करून आत जायची. तिला वाटायचं, हे कुणाला दिसत नाही. एके दिवशी सकाळी ती जागी झाली, तर तिच्या खोलीच्या दारात प्रमिलाबाई डोळे मिटून उभ्या. ओठ हलले. मग चेहऱ्यावर गोड हसू आलं आणि त्या आत आल्या. "झोप लागली का, आई?"

रेणुका अंथरुणातच गार झाली. तरी ओवीनं त्या आठवड्याच्या अहवालात लिहिलं, "भावनिक प्रगती उत्तम."

त्याच दिवशी दुपारी रेणुकाला वाटलं, आता हिचं तोंड माझ्या हातात आहे. जे मी बोलेन ते ही बोलेल. मग मला हवं ते वाक्य मी हिच्या तोंडून का काढू नये?

ते वाक्य तिला एकोणतीस वर्षांपासून हवं होतं.

२०१० साल. महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस. घरात दोन्ही लक्ष्म्या उभ्या, चाळीस माणसांचा स्वयंपाक, सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळ्या. सकाळी नऊला फोन वाजला. तो प्रमिलाबाईंनी घेतला, ऐकला आणि ठेवला. "कोणाचा होता, आई?" रेणुकानं पुरण वाटता वाटता विचारलं. "राँग नंबर," सासूबाई म्हणाल्या.

फोन मुखेडहून होता. रेणुकाचे वडील पहाटे गेले होते.

तिला सांगितलं संध्याकाळी सहाला, शेवटची पंगत उठल्यावर. सांगितलं असतं तर सुतक लागलं असतं, आणि सुतकातल्या हाताचा नैवेद्य लक्ष्म्यांना चालत नाही. "ऐकलंच नाही तर सुतक कसलं?" हा प्रमिलाबाईंचा हिशोब. शास्त्रात बसतो म्हणे. रेणुका रात्री मुखेडला पोचली, तेव्हा अंगणातली रांगोळी पुसलेली होती आणि भाऊ एवढंच म्हणाला, "तुझी वाट बघून बघून एकला नेलं गं." दिवसभर ती लोकांना आग्रह करकरून पोळ्या वाढत होती. हसत.

त्यानंतर ती सासूसमोर कधी रडली नाही. तेवढा एक मान तिनं राखून ठेवला. आणि सासू कधी "चुकलं माझं" म्हणाली नाही. एकदा विषय निघाला तर म्हणाली, "मग काय उभ्या लक्ष्म्या उपाशी ठेवायच्या होत्या?"

तर आता रेणुका रोज दुपारी जेवणं झाली की खुर्चीपुढे पाट मांडून बसायला लागली. "आई, माझ्याकडे बघा." मग हात जोडून, मान खाली घालून म्हणायची, "चुकलं माझं, आई."

प्रमिलाबाई लक्ष देऊन बघत. काही होत नसे. दुसऱ्या दिवशी रेणुकानं आवाज कापरा केला. तिसऱ्या दिवशी डोळ्यांत कांद्याचं पाणी आणलं. प्रमिलाबाई कांदा चिरायला शिकल्या.

"नाटक उतरत नाही, काकू," ओवी म्हणाली.

"मग मी काय करू?"

"जे मनात असेल ते करा."

"माझं चुकलंच नाही तर मनात कुठून आणू?"

पण बाई जिद्दीची. तिनं चुका करायला सुरुवात केली. वरणात मूठभर मीठ टाकलं आणि धावत जाऊन म्हणाली, "चुकलं माझं!" पण ते वरण उदयला वाढायचं होतं, त्यामुळे पश्चात्ताप म्हणावा तसा होईना. मग सेलूकर वहिनींच्या गच्चीतली शेवंतीची कुंडी ढकलून दिली. खालून कुंडी फुटल्याचा आवाज आला आणि रेणुकाला इतकं बरं वाटलं, की ते बरं वाटणंच उतरलं. दुसऱ्या दिवशी प्रमिलाबाईंनी वहिनींची तुळस ढकलली आणि हात झटकत समाधानानं घरात आल्या.

असं चाललेलं असताना कंपनीचं पत्र आलं. मराठवाड्यातला उत्कृष्ट नमुना म्हणून सौ. रेणुका पाथरीकर यांची निवड झाली होती. मोठ्या सभागृहात सत्कार, शाल, श्रीफळ, मानपत्र, आणि मंचावर सासूबाईंचं प्रात्यक्षिक. रेणुकानं ते पत्र चार वेळा वाचलं. तिच्या नावापुढे कुणी उत्कृष्ट लिहिल्याचं तिला आठवत नव्हतं.

"मी काय घालू?" उदयनं विचारलं.

"काहीही घाला. तुम्हाला कोण बघतंय?"

सत्काराच्या दिवशी सकाळी नऊला ती सासूबाईंना नवं लुगडं नेसवत होती. अकराला गाडी येणार होती. तेवढ्यात फोन वाजला. सेलूहून, प्रमिलाबाईंच्या भाच्याचा.

"वहिनी, आई गेली पहाटे," तो म्हणाला. "एकला नेणार आहोत. मावशीला आणता का? दोघी बहिणीच राहिल्या होत्या. आई शेवटपर्यंत मावशीचं नाव घेत होती."

सेलू परभणीहून तासाभरावर. दहाला निघालं तरी अकराला पोचता येत होतं.

"बरं, बघते," रेणुका म्हणाली आणि फोन ठेवला.

खुर्चीतून प्रमिलाबाई टक लावून बघत होत्या. "कोण होतं, आई?" त्यांनी विचारलं. ते शब्द रेणुकाचेच होते.

"राँग नंबर," रेणुका म्हणाली.

आणि लुगड्याच्या निऱ्या नीट करायला लागली. २०३९ साली राँग नंबर येतच नाही. फोन येतो तोच माणसाचं नाव, फोटो आणि गाव घेऊन. तो शब्द गेली दहा वर्षं कुणी वापरला नव्हता. पण तिच्या तोंडून तो इतका सहज निघाला, की जणू कुणी आत ठेवूनच दिला होता. क्षणभर तिचे हात थांबले. मग तिनं स्वतःची समजूत घातली, की कार्यक्रम चारपर्यंत संपेल, मग सांगू. आधी सांगून त्यांना त्रास कशाला? डॉक्टरही ताण देऊ नका म्हणतात. कारणं एकामागून एक येऊन उभी राहिली, पंगतीला पाहुणे बसावेत तशी.

कार्यक्रम दणक्यात झाला. मंत्र्यांनी भाषणात रेणुकाला तीन वेळा रोहिणी म्हटलं. शाल पांघरताना तिनं मान झुकवून हात पुढे केले, तशी प्रमिलाबाईंनीही मान झुकवून हात पुढे केले आणि शालीचं दुसरं टोक धरलं. दोघीही सोडेनात. टाळ्या थांबेनात. एक वाजता रेणुकाच्या हातातला फोन थरथरला. तिनं बघितलं, सेलू. फोन पालथा घातला आणि सभागृहाकडे बघून हसली. शेजारी प्रमिलाबाईही हसल्या, अगदी तसंच.

घरी यायला सहा वाजले. उदय मानपत्र कुठं टांगायचं ते बघत भिंतीवर खिळा ठोकत होता. रेणुका सासूबाईंपुढे खाली बसली.

"आई, इंदूमावशी गेल्या. पहाटे."

हातोडी थांबली.

प्रमिलाबाईंनी तिच्याकडे बघितलं. मग टेबलावरच्या फोनकडे बघितलं. आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं, ते रेणुकाला ओळखता येईना. गेले तीन महिने त्या चेहऱ्यावरची प्रत्येक रेघ रेणुकाची होती, रागाची, कंटाळ्याची, खोट्या हसण्याची. ही नव्हती. तोंड उघडलं, गळ्याच्या शिरा ताणल्या, पण आवाज येईना. पाणीही येईना. रेणुकाला एकदम कळलं, ह्यांना रडायचंय आणि ह्यांना येत नाहीये. सगळं बघून शिकल्या, पण मी ह्यांच्यापुढे रडलेच नाही कधी.

तोंड उघडं तसंच राहिलं. रेणुकाला ते बघवेना.

"चुकलं माझं, आई," ती म्हणाली. हात जोडायचं तिला सुचलं नाही. "सकाळीच फोन आला होता. मी लपवला. तुम्हाला नेता आलं असतं. चुकलं माझं, आई, चुकलं." आणि ती रडायला लागली, भसाभसा, नाक ओढत. कुणासाठी रडतेय हे तिला कळत नव्हतं. सेलूची म्हातारी होती त्यात, पण मुखेडचा म्हाताराही होता. प्रमिलाबाई बघत राहिल्या. थोड्या वेळानं त्यांचंही नाक तसंच वाजायला लागलं आणि डोळे वाहायला लागले. खिळा हातात धरून उदय कधी हिच्याकडे, कधी तिच्याकडे बघत उभा होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी रेणुका पोळ्या लाटत होती. मागून आवाज आला.

"चुकलं माझं, आई."

तिच्या हातून लाटणं पडलं. प्रमिलाबाई दारात उभ्या होत्या. आवाजात कंप होता, डोळ्यांत पाणी होतं. एकोणतीस वर्षं रेणुकानं हे जसं मनात बघितलं होतं, अगदी तस्सं. ती पिठाच्या हातांनी तशीच गेली आणि म्हातारीच्या गळ्यात पडली.

"असू दे, आई," ती म्हणाली. "असू दे."

मग प्रमिलाबाई तिला सोडवून पुढे गेल्या आणि फ्रिजला म्हणाल्या, "चुकलं माझं, आई." मग गॅसला. मग दूधवाल्याला. दूधवाला घाबरून म्हणाला, "नाही आजी, माझंच चुकलं, उद्यापासून पाणी नाही घालणार."

ओवी येऊन टोपीतली नोंद बघून गेली. ती हरखूनच गेली होती. "काकू, एवढं खोल उतरलेलं वाक्य मी आजवर बघितलं नाही! पहिल्याच वेळी!"

"पण ते त्यांचं आहे का माझं?" रेणुकानं विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे त्यांना खरंच वाटतंय, का माझं वाटलेलं नुसतं त्यांच्या तोंडातून येतंय?"

ओवीनं यंत्राकडे बघितलं, मग तिच्याकडे. "समज तर शाबूत आहे त्यांची," ती म्हणाली. "त्यामुळे वाटतही असेल. शब्द कोणाचा ते टोपी सांगते काकू, वाटणं कोणाचं ते नाही सांगत."

उदय मात्र खूश होता. "आई किती नम्र झाली बघ," तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. मानपत्र त्यानं दिवाणखान्यात, अगदी समोर लावलं.

आता प्रमिलाबाई दिवसातून तीस-चाळीस वेळा येतात. रेणुका भाजी निवडत असते, कपडे वाळत घालत असते, नाहीतर नुसती बसलेली असते. त्या समोर उभ्या राहतात, डोळे भरून येतात. "चुकलं माझं, आई." आणि रेणुका प्रत्येक वेळी हातातलं काम थांबवून, त्यांच्या डोळ्यांत बघून, शक्य तितक्या मायेनं म्हणते, "असू दे, आई. झालं ते झालं."

म्हातारी टक लावून बघते, ऐकते, निघून जाते.

दोन महिने झाले. रेणुकानं मोजलेलं नाही, पण हजार-दोन हजार वेळा तरी म्हटलं असेल. ते "असू दे" अजून उतरलेलं नाही. कंपनीचा माणूस परवा टोपी तपासून गेला. तो म्हणाला, टोपीत काही बिघाड नाही.